सायबर ग्रीन आरटी-क्यूपीसीआर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आरएनए मोजायची ही दोन टप्प्यांची पद्धत, आधी सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) आणि मग सायबर ग्रीन या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगावर क्यूपीसीआर (डीएनए सायकलगणिक वाढवत मोजणं), काही महिने सतत वापरल्यावर एक मत पक्कं झालंय. मशीन आणि मास्टर मिक्स (पीसीआरचं तयार मिश्रण) सहसा दगा देत नाहीत. खरी चूक रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनमध्ये (आरटी, म्हणजे आरएनएचा सीडीएनए करताना) होते आणि प्लेटवर ती दिसतच नाही.

एकाच सीडीएनएच्या तीन वेल्सचे (प्लेटवरच्या खळग्यांचे) सीटी, म्हणजे सिग्नल ठरलेल्या पातळीला पोचायला लागलेल्या सायकल, 0.2 च्या आत जुळतात, आलेख देखणा येतो. त्याच आरएनएची आरटी पुन्हा लावा, सीटी अर्ध्या सायकलने सहज सरकतो. अर्धा सीटी म्हणजे जवळपास 40 टक्क्यांचा फरक! म्हणून रेप्लिकेट आरटीपासूनच घ्यावेत. आरएनए सगळ्या नमुन्यांत सारखाच, उदाहरणार्थ 20 मायक्रोलिटरमध्ये 500 नॅनोग्रॅम. सीडीएनए निदान पाचपट, शक्यतो दहापट पातळ करूनच प्लेटवर घ्यायचा, कारण आरटीचं एन्झाइम आणि बफर पीसीआरला अडवतात.

260/280 (260 आणि 280 नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, शुद्धतेची खूण) दोनच्या आसपास आलं म्हणून निर्धास्त राहू नका, त्यातून डीएनएची भेसळ कळत नाही. डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या आणि आरटी-विरहित कंट्रोल (आरटीचं एन्झाइम न घातलेला नमुना) लावा. त्याचा सीटी नमुन्यापेक्षा सात सायकल उशिरा आला तर भेसळीचा वाटा एक टक्क्याहून कमी. एक्झॉनच्या (जनुकाच्या आरएनएत टिकणाऱ्या भागांच्या) सांध्यावर बेतलेले प्रायमरही (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) इथे दरवेळी वाचवत नाहीत: बीटा-अ‍ॅक्टिन जनुकाची इंट्रॉन (आरएनएतून कापले जाणारे भाग) नसलेली स्यूडोजीन्स (निकामी प्रती) जीनोममध्ये आहेत आणि तीही वाढतात.

प्रायमर प्रत्येकी 300 नॅनोमोलर, तुकडा 70 ते 150 बेसचा, शेवटी मेल्ट कर्व्ह (तापवत नेल्यावर तुकडा कोणत्या तापमानाला सुटतो त्याचा आलेख). सायबर ग्रीन प्रायमर-डायमरलाही (एकमेकांना जुळलेल्या प्रायमरनाही) चिकटतो, त्यामुळे मेल्ट कर्व्ह टाळून चालणार नाही.

स्टँडर्ड कर्व्हचा (पातळ करत नेलेल्या नमुन्यांच्या सीटीच्या आलेखाचा) उतार -3.1 ते -3.6 मध्ये हवा. त्यावरून काढलेली कार्यक्षमता (दर सायकलला डीएनए दुप्पट म्हणजे 100 टक्के) 110 टक्क्यांच्या वर गेली तर खूश होऊ नका. बहुतेकदा दाट नमुन्यांत अवरोधक असतो आणि पातळ करत गेल्यावर त्याचा परिणाम ओसरतो, म्हणून उतार खोटा येतो. 260/230 कमी असेल तर आरएनए काढताना वापरलेलं गुआनिडिन उरल्याचा संशय घ्या आणि इथेनॉलचा आणखी एक वॉश द्या.

संदर्भ जनुक (ज्याच्याशी तुलना करून आकडे जुळवतात ते) म्हणून एकट्या जीएपीडीएच जनुकावर विसंबू नये. ऑक्सिजन कमी पडला की तेच वाढतं. निदान दोन जनुकं आपल्याच नमुन्यांवर तपासून घ्या.

दीडपटीहून कमी फरक पकडायचा असेल तर डिजिटल पीसीआर (नमुना हजारो बारीक भागांत वाटून मोजणं) जास्त भरवशाचं. तिथे स्टँडर्ड कर्व्ह लागत नाही, पण आरटी लागतेच आणि तिची त्रुटीही सोबत येते.