आर्टिस्टिक स्केटिंग स्पर्धा: रिंकच्या कडेला राबणाऱ्या पोरांचं काम कसं होतं?

मुंबईच्या उपनगरातली ही स्पर्धा चाकांवरच्या फिगर स्केटिंगची, बर्फावरची नव्हे. कडेला राबणारे स्वयंसेवक आठवी-नववीतले.

सगळ्यांत चोख टेबल संगीताचं. प्रत्येक फाइलचं नाव स्पर्धकाच्या क्रमांकापासून सुरू, दुसऱ्या पेनड्राइव्हवर प्रत तयार आणि प्रत्येक गाणं आधीच शेवटपर्यंत ऐकलेलं. (अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीचे दहा सेकंद वाजवून सापडत नाही.) फोनवरून गाणं लावायची वेळ आलीच, तर फोन आधी एअरप्लेन मोडवर.

फरशीपाशी मात्र घोळ. दोन गटांच्या मधे ओलं फडकं फिरवलं. इथल्या दमट हवेत फरशी लवकर वाळत नाही आणि चाकांची पकड सुटते. कोरडा, रुंद मॉप हवा. त्याआधी पोशाखांवरून गळलेल्या टिकल्या आणि हेअरपिना हाताने वेचायच्या, कारण चाकाखाली एखादी आली तरी पाय अडकतो.

नाव पुकारणं ठीक: एक खेळत असताना पुढचे दोघं दाराशी तयार. टो-स्टॉप (स्केटच्या पुढच्या टोकाचा रबरी ठोकळा) सैल दिसला तर पोरं स्वतः पाना लावत नाहीत, प्रशिक्षकाला हाक मारतात. हे उत्तम, त्याची उंची जराशी बदलली तरी उडीचा अंदाज चुकतो. परीक्षकांच्या गुणपत्रिका पोचवायला मात्र दोघं ठेवा.