कापायचं की फुगवायचं? आधी गोळीचं विचारा

पित्तनलिकेत खडा अडकला, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून त्या नलिकेच्या तोंडातून आत जायची प्रोसिजर) करायला सांगितली, की नातेवाईक आमच्या एन्डोस्कोपी रूमच्या दाराशी येतात. प्रश्न ठरलेले: सिस्टर, वेळ किती लागेल, पॅकेज किती, रात्री कल्याणला परत जाता येईल का. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. या प्रोसिजरनंतर सगळ्यात जास्त दिसणारा त्रास तोच. शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना होतो. बहुतेक जण काही दिवसांत सावरतात, मोजक्यांना आयसीयू बघावं लागतं.

पहिली निवड ईआरसीपी करायची की नाही, हीच. खडा आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, पुरते. बारीक खडे तिच्यातून सुटू शकतात, तिथे एन्डोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेली सोनोग्राफी) सरस. दोन्हीत नलिकेच्या तोंडात काही घालत नाहीत, म्हणून ही सूज येत नाही. बाई तरुण, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढतं ते) नॉर्मल, नलिका फुगलेली नाही आणि तरी 'एकदा आत बघून घेऊ' असं कोणी म्हणत असेल, तर मी दुसऱ्या डॉक्टरांना फाइल दाखवीन. सुजेचा धोका अशाच पेशंटला जास्त. उलट कावीळ आणि थंडी वाजून ताप असेल तर दुसऱ्या मताच्या मागे लागून दिवस घालवू नका.

खडा काढायचाच असेल तर नलिकेचं तोंड कापून मोठं करतात, नाहीतर फुग्याने ताणतात. कापण्यात रक्तस्रावाची भीती, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. नुसत्या फुग्यात रक्तस्राव कमी, पण स्वादुपिंड जास्त बिथरतं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत फुग्याच्या गटातले दोन पेशंट याच सुजेने दगावले होते. मोठ्या खड्यासाठी आता थोडं कापून मग मोठा फुगा वापरतात. मला हा मधला मार्ग पटतो. पण तुमच्या पेशंटला काय, ते डॉक्टर आतलं चित्र बघूनच ठरवणार.

तुम्ही आग्रह धरावा अशी गोष्ट वेगळीच आहे. फ्रीजमधली बोटाच्या पेराएवढी, मेणासारखी पांढरी गोळी: डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथॅसिन, 100 मिलिग्रॅम, गुदद्वारातून. किंमत वडापावच्या आसपास. 2012 च्या अमेरिकन चाचणीत जास्त धोका असलेल्या 602 जणांपैकी गोळी मिळालेल्यांत सूज 9.2 टक्क्यांना आली, न मिळालेल्यांत 16.9 टक्क्यांना. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना तर चालत असेल त्या प्रत्येकाला प्रोसिजरच्या लगेच आधी द्या म्हणतात. किडनी खराब, पोटात अल्सर, अशा औषधांची अ‍ॅलर्जी किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर चालत नाही. मी पूर्वी होते तिथे एका शनिवारी स्टॉक संपला होता. वॉर्डबॉय कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून गोळी घेऊन येईपर्यंत पेशंट टेबलावरून उतरलाही होता.

दुसरा उपाय म्हणजे स्वादुपिंडाच्या नलिकेत बारीक प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे छोटी नळी. पित्तनलिकेत जायची वायर चुकून पुन्हा पुन्हा त्या नलिकेत शिरायला लागली की आमचे डॉक्टर तो पाकिटातून काढून द्यायला सांगतात. स्टेंटऐवजी एकटी गोळी भागेल का? 2024 ची मोठी चाचणी नाही म्हणते: जास्त धोक्याच्या पेशंटमध्ये एकट्या गोळीवर सूज 14.9 टक्क्यांना, गोळी आणि स्टेंट दोन्ही दिल्यावर 11.3 टक्क्यांना. साध्या केसमध्ये मात्र माझ्या मते गोळी बस्स. शिवाय स्टेंट घालायला हात मुरलेला लागतो. घालता घालता फसला तर त्रास वाढतो.

आणि घातला की काम तिथे संपत नाही. तो बहुधा आपोआप गळून शौचावाटे जातो, पण गेला का हे बघायला आठ-दहा दिवसांत पोटाचा एक्स-रे लागतो. अडकून राहिला तर पुन्हा दुर्बीण. गणपतीसाठी कोकणात निघालेल्या एका काकांचा एक्स-रे असाच राहिला होता. महाडपर्यंत पोचले होते, तिथून त्यांना मागे बोलावलं.