गॅस हवेत न सोडणारा एसीवाला मिळाला, अकोला (रेटिंग ५ पैकी ४.५)

घरचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, चौथं वर्ष, एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात नुसती हवा मारायला लागला, थंड काही होईना. अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, २०२४ च्या मेमध्ये उन्हापायी जिल्ह्यात १४४ कलम लावलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. घरी सासूबाई ७८ वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू, त्यामुळे आमच्याकडे एसी ही चैन नाहीये.

मागच्या वर्षी दुसऱ्या एकाला बोलावलं होतं, नाव नाही घेत. त्याने आल्या आल्या आउटडोअरचा नट सैल केला आणि भस्सकन उरलासुरला गॅस बाहेर, बाल्कनीत पांढरा फवारा, मग गेज लावून नवीन गॅस भरला आणि "झालं मॅडम, २२०० रुपये". लीक कुठे आहे ते बघितलंच नाही. वर्ष व्हायच्या आत परत तेच.

यावेळी ओळखीतून जे दादा आले त्यांची ही सर्व्हिस. छोटं दुकान आहे, ते आणि त्यांचा भाचा, दोघंच. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "ताई, गॅस संपत नसतो, गळतो. गळती नाही शोधली तर पैसे पाण्यात." चार वर्षांत मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, मी आपली समजत होते की सिलिंडरसारखा एसीचा गॅसही वापरून संपतो!

मग त्यांनी एक छोटं मशीन आणि रिकामा सिलिंडर काढला, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आणि आउटडोअरमधला उरलेला गॅस त्यात ओढून घेतला. काटा दाखवला, ३८० ग्रॅम. एसीच्या प्लेटवर गॅसचं नाव आर-३२ आणि वजन ९०० ग्रॅम लिहिलेलं, म्हणजे ५२० ग्रॅम वर्षभरात उडून गेला होता. नंतर पाइपात नायट्रोजन भरून जॉइंटवर साबणाचं पाणी लावलं, इनडोअरच्या मागच्या, पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी लगेच बारीक बुडबुडे, एकामागून एक. तांब्याच्या पाइपाचं तोंड चिरलं होतं. तेवढा तुकडा कापला, तोंड फाकवून नवीन फ्लेअर केला, नट टॉर्कच्या पान्याने आवळला, परत नायट्रोजन, परत साबण, मग पाइपातली हवा काढायला अर्धा तास व्हॅक्यूम पंप, वर १५ मिनिटं नुसतं गेजकडे बघत बसले की काटा हलतो का. हलला नाही. मग काट्यावर मोजून बरोबर ९०० ग्रॅम गॅस भरला. साडेतीन तास गेले, बिल ३४०० झालं, पण आता ऑगस्ट आलाय आणि कूलिंग पहिल्या दिवसासारखंच आहे.

आता एका रिव्ह्यूसाठी एवढं का लिहितेय. आर-३२ ची १०० वर्षांच्या हिशेबाने पृथ्वी तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ६७५ पट आहे. म्हणजे माझ्या एका एसीतला ९०० ग्रॅम गॅस हवेत गेला तर ६०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं, साधारण २६० लिटर पेट्रोल जाळण्याइतकं, एवढ्यात गाडीने अकोला-पुणे चार वेळा जाऊन येऊन होतं. जुन्या एसीतला आर-२२ तर १८०० पटीच्या वर, आणि तो ओझोनही खातो. हे सगळं एका नटाच्या दोन आट्यांत, बाल्कनीत उभं राहून.

२०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत सगळ्या देशांनी मिळून ठरवलं की हे एचएफसी, म्हणजे आर-३२ सारखे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे, ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारातच ती दुरुस्ती झाली, आणि ती नीट पाळली तर या शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळेल असा अंदाज आहे. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०२८ ला आपला वापर गोठवायचा, २०३२ पासून कपात सुरू, २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी. मला हे मनापासून बरोबर वाटतं, कारण इथे ऊन वाढतंय, एसी लागणारच आहेत, आणि एसीनेच अजून ऊन वाढवायचं हे परवडणारं नाही. पण देशाने दिलेला शब्द दिल्लीत बसून पाळला जात नाही, तो असल्या दादांच्या मशीनवर पाळला जातो. सरकारच्या २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख टेक्निशियनना ट्रेनिंग द्यायचं ठरलं होतं, आमच्या दादांनीही असंच ट्रेनिंग केलंय, सर्टिफिकेट दुकानात लावलंय.

अर्धा स्टार का कापला, तर दोन दिवस उशिरा आले, आणि फोन तिसऱ्यांदा उचलला. एवढंच.

एक गोष्ट मात्र त्यांच्या हातातली नाही आणि ती मला जास्त लागली. दुकानाच्या मागे त्यांनी ओढून जमा केलेल्या जुन्या आर-२२ चे दोन सिलिंडर भरून पडलेत, वर खडूने तारीख लिहिलेली. म्हणाले, "शुद्ध करायला द्यायचा तर इथं जवळ कोणी घेत नाही, मुंबई-पुण्याला पाठवायचं भाडंच गॅसपेक्षा जास्त. सोडून देऊ म्हटलं तर हात होत नाही." सरकारने शब्द दिलाय तर प्रत्येक जिल्ह्यात हा गॅस जमा करून घेणारं एक ठिकाण पाहिजे, किलोमागे थोडे पैसेही द्या, बघा किती मेकॅनिक मशीन विकत घेतात ते. आज ज्याने गॅस सोडून दिला त्याचा वेळ वाचतो आणि ज्याने साठवला त्याची जागा अडते, हे उलटं आहे.

दुकानाचं नाव नंबर इथे टाकू नका म्हणालेत, दोघंच असल्याने तेवढी कामं झेपत नाहीत. पण तुम्ही कोणालाही बोलावलंत तरी आधी फोनवर विचारा, रिकव्हरी मशीन (उरलेला गॅस ओढून घेणारं) आहे का, वजनकाटा आणता का, लीक टेस्ट नायट्रोजनने करता का. घर बदलताय आणि एसी चालू स्थितीत आहे तर "पंप डाऊन करून काढा" म्हणा, जवळजवळ सगळा गॅस आउटडोअरमध्येच बंद होतो, हवेत फारसा जात नाही आणि नवीन भरायचे पैसेही वाचतात. आणि सर्व्हिसिंग फेब्रुवारीतच उरका, एप्रिलमध्ये चांगला माणूस मिळत नाही.