एकट्याने गेलात तरी पैसे दोघांचेच

ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 'प्रायव्हेट थिएटर' निघालंय. म्हणजे गाळ्याएवढी खोली, भिंतभर पडदा, चार रिक्लायनर आणि तीन तास तुमचे. नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायची आहे.

बुकिंग किमान दोघांचं घ्यावं लागतं. फोनवर म्हटलं, अहो, मी एकटाच येणार आहे. तर पलीकडून उत्तर, "सर, मिनिमम कपल." माझं वय ६३. बायको मढ्याबिढ्यांचे, म्हणजे झॉम्बींचे, सिनेमे बघत नाही. ज्याच्याबरोबर मल्हार टॉकीजपासून मल्टिप्लेक्सपर्यंत सगळं पाहिलं तो बापू आता मुलाकडे बंगळुरूला असतो. भरले दोघांचे १२०० रुपये.

आत गेलो तर फुगे, बदामाच्या आकाराची उशी आणि भिंतीवर लुकलुकणारं 'हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी'. पॅकेजमध्येच असतं म्हणे. लॅपटॉपला वायर जोडणाऱ्या पोराने अदबीने विचारलं, "काका, मॅडम खाली आहेत का?"

मी 'द बॅटरी' लावला. २०१२ चा अमेरिकन सिनेमा, जेरेमी गार्डनरचा. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, मुख्य नटही तोच. अख्ख्या सिनेमाचा खर्च ६,००० डॉलर. आमच्या भाचीच्या रिसेप्शनला याहून जास्त लागले असतील. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर आणि झेलणारा कॅचर या जोडीला 'बॅटरी' म्हणतात. जग बुडालंय, मढी फिरतायत, आणि उरलेत हे दोघं: बेन आणि मिकी. एका टीममध्ये होते, एवढंच नातं. बेनला रानोमाळ भटकणं मानवलंय. मिकीला छप्पर हवं, गादी हवी, बाई हवी. तो कानाला हेडफोन लावून बसतो, आणि बेनची बडबड चालूच.

पैसे नसले की गर्दी दाखवता येत नाही. पडलेल्या इमारती नाहीत, हेलिकॉप्टरं नाहीत. मग उरतात झाडं, एक गाडी आणि शेजारी बसलेला माणूस. मोठ्या बजेटवाल्यांना एकटेपणा दाखवायला अख्खं शहर रिकामं करावं लागतं. इथे दोघं नुसते दात घासत उभे राहतात, मजेत, कितीतरी वेळ, आणि आपल्याला कळतं की यांना दुसरं कोणी नाही.

पोरगा वायर लावून गेलाच नाही. दाराशी उभा राहिला. मग टेकला. वीसेक मिनिटांनी म्हटलं, बस बाबा, खुर्चीचे पैसे भरलेत. मुरबाडकडचा, इथेच मागच्या खोलीत झोपतो. इंग्रजी त्याला जेमतेम कळायचं, म्हणून "काय म्हणाला?" सुरू झालं. थिएटरात बोलणाऱ्यांवर मी जन्मभर डाफरलोय, बापूवर तर सगळ्यात जास्त. आणि इथे मीच मोठ्याने मराठीत सांगत बसलो.

"काका, यांचं पटत नाही तर वेगळे का नाही होत?"

"जाणार कुठे?"

"हां, तेही आहे." मग थोडं थांबून, "आमच्या खोलीत पण असंच आहे एकाचं. घोरतो."

शेवटाकडे दोघं गाडीत अडकतात, बाहेर मढ्यांचा वेढा. एका ठिकाणी कॅमेरा आतच ठेवलाय, हलत नाही, शॉट तोडत नाही, दहाएक मिनिटं. एक जण वाट बघतोय, बास. पुढचं सांगत नाही. एसी इतका गार की मी ती बदामाची उशी पोटाशी धरून बसलो होतो. पोरगा "येईल का हो?" एवढंच दोनदा म्हणाला.

बाकी हिशोब. आवाज उत्तम. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पिवळट डाग आहे, रात्रीच्या प्रसंगात दिसतो. बाहेरचं खाणं चालत नाही आणि त्यांचा सामोसा गार, वर चटणीऐवजी सॉसची पुडी. ठाण्यात हे खपतं कसं, कळत नाही. खाली मेट्रोच्या कामामुळे गाडी लावायची सोय शून्य, टीएमटीच्या बसने जा. फुगे नकोत हे बुकिंग करतानाच सांगा, पैसे मात्र कमी होत नाहीत.

मंगळवारी पुन्हा बुकिंग केलंय. या वेळी १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. त्याचं नाव ऐन वेळी बदललं आणि नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली, म्हणून अमेरिकेत त्यावर कोणाचाच हक्क उरला नाही. हे ऐकून पोरगा म्हणाला, "म्हणजे पिक्चर फुकट, आणि खोलीचे दोघांचे?" दोघांचेच. बापूला फोन करून हे सांगितलं, तर तो तासभर त्या मढ्यांवरच बोलत राहिला. मी फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडली.