एका दिवसाचं जंगल: बोरिवली की कर्नाळा?

मुंबई-ठाण्याहून सकाळी निघून रात्री घरी, मधे जंगल हवं, असं म्हटलं की शेवटी गाडी याच दोन नावांवर येते: बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य. तिकीट दोन्हीकडे, माकडंही दोन्हीकडे. फरक आत शिरल्यावर कळतो.

इतिहासात बोरिवलीचं पारडं जड आहे, त्यात वाद नको. शहराने चहूकडून वेढलेलं हे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल टिकलं, त्यात विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांचा वाटा मोठा. पाणलोट राखायचा तर झाडी राखावीच लागते. मधोमध कान्हेरीची शंभरावर लेणी. बहुतेक मंडळी तीन नंबरचा चैत्य बघतात, डबा खातात आणि उतरतात. त्यापेक्षा कातळात कोरलेल्या पन्हळींचा माग काढत वर जावं. डोंगरावरचं पाणी पन्हळीतून लेण्यासमोरच्या पोढीत, म्हणजे कोरलेल्या टाक्यात, कसं आणलंय, ते जुलैत वाहतं दिसतं. नव्वद नंबरच्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशांचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख आहेत. अक्षरं बारीक आहेत, तिरपा उजेड पडला तरच नीट दिसतात.

पण माझ्यापुरता निकाल लावला तो डांबरी रस्त्याने. फाटकापासून कान्हेरी सुमारे ६ किलोमीटर, आणि तेवढी वाट पायाखाली डांबर. चालत जावं तर मागून सायकली, बस. बसने जावं तर रविवारी रांग, आणि जंगल खिडकीतून. खऱ्या पायवाटा आहेत, शिलोंड्याची तर सुरेखच, पण तिथे परवानगी काढून, वाटाड्या घेऊनच जाता येतं. बिबट्यांचं रान आहे, तेव्हा नियम योग्यच. तरी ऐन वेळी पिशवी उचलून निघणाऱ्याच्या वाट्याला उरतो तो रस्ताच.

कर्नाळ्यात पक्ष्यांचे पिंजरे मागे पडले की लगेच कर्नाळा गडाची दगड-मुळांची चढण लागते. १९६८चं पक्षी अभयारण्य, आकाराने बोरिवलीपुढे चिमुकलं. मुंबई-गोवा महामार्ग कुशीतूनच जातो, त्यामुळे धारेवर पोचेपर्यंत हॉर्न कानावर येतात. हे खटकतं, पण सवय होते. पहिला टप्पा दमवणारा, मग धारेवरून सोपी चाल, देवीचं ठाणं आणि शेवटी दरवाजे. माझ्या चालीने वर जायला दोन-अडीच तास. वाटेत पाणी नाही, माणशी तीन लिटर न्यावं. प्लास्टिकच्या बाटल्या फाटकावर मोजतात आणि अनामत घेतात, म्हणून स्टीलची बरी. खाऊची पिशवी हातात धरली की माकडं ती नेणारच. सगळं पाठपिशवीत, चेन बंद.

इतिहास इथेही आहे, फक्त मागावा लागतो. १६५७ला गड शिवाजी महाराजांकडे आला, पुरंदरच्या तहात मोगलांना गेला, १६७०ला परत आला. जवळचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा याच गडाचे किल्लेदार. सुळक्याच्या पोटात ओळीने कोरलेली टाकी आहेत. तिथे वर नजर टाकून मधमाश्यांची पोळी बघावीत. आग्यामोहोळ असतं, तेव्हा धूर, अत्तर, आरडाओरडा नको.

पक्ष्यांसाठी जायचं तर गड सोडून खालच्या पायवाटा धराव्यात. पावसाच्या तोंडावर ओढ्याकाठी तिबोटी खंड्या दिसतो, हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक. भर पावसात गडाची वाट शेवाळाने निसरडी होते. वाट बंद नाही ना, हे आधी विचारून घ्यावं.

लहान मुलं किंवा गुडघे कुरकुरणारे आजी-आजोबा बरोबर असतील, तर बोरिवलीच बरी: लोकलने उतरून चालत फाटक गाठता येतं. फक्त सोमवार टाळा. बाकी कुणी विचारलं तर माझं बोट पनवेलकडे जरा आधी वळतं. पनवेल आगारातून पेणकडची एसटी धरून कंडक्टरला 'अभयारण्य' सांगून ठेवायचं. परतताना मात्र चारच्या आत फाट्यावर यावं. रविवारी संध्याकाळी भरलेल्या गाड्या हात दाखवूनही थांबत नाहीत.