चौकडी जमली, आता खेळायचं काय? नॅसॉ, स्किन्स, वुल्फ, व्हेगस आणि बाकीचे

गोल्फला चार जण जमले की पहिल्या टीवर (जिथून पहिला फटका मारतात त्या जागी) हा प्रश्न हमखास येतो. नुसते फटके मोजत खेळलं तर अठरा होलांच्या (टीपासून खड्ड्यापर्यंतच्या टप्प्यांच्या) फेरीत आठव्या होलपर्यंत दोघं मागे पडलेले असतात आणि उरलेले दहा होल ते फक्त चालत राहतात. म्हणून मी कुठलाही प्रकार एकाच कसोटीवर घासून बघतो: आपल्यातला सगळ्यात कच्चा भिडू चौदाव्या होलवरही खेळात आहे का? पैजेची रक्कम किती, हा त्यानंतरचा विषय.

नॅसॉ या कसोटीला चांगला उतरतो. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या नॅसॉ कंट्री क्लबवरून त्याचं नाव पडलं. यात एका फेरीत तीन पैजा असतात: पहिले 9 होल, पुढचे 9 होल आणि सगळे 18. प्रत्येक होल स्वतंत्रपणे जिंकायचा. पहिल्या नवात धुलाई झाली तरी दहाव्या टीवर पाटी कोरी. दोघांत खेळा, नाहीतर दोन-दोनच्या जोड्यांत. हिशेब सोपा असतो आणि कार्डावर वेगळा तक्ता आखावा लागत नाही.

अडचण होते ती 'प्रेस'मुळे. दोन होलनी मागे पडलेली बाजू प्रेस म्हणू शकते, म्हणजे त्या नवातल्या उरलेल्या होलवर आणखी एक पैज लागते. समजा पाचव्या होलनंतर तुम्ही दोननी मागे आहात. प्रेस घेतलात की सहा ते नऊ या चार होलांची नवी पैज सुरू. सहावा-सातवाही गेला तर पुन्हा प्रेस. दोन्ही नवांत दोन-दोन प्रेस झाले की मूळच्या तीन पैजांच्या सात होतात, आणि दिवस वाईट असेल तर सातही हरता येतात. 'छोटीशीच तर पैज' म्हणून सुरू झालेला खेळ असा फुगत जातो. नॅसॉ जरूर खेळा, पण एका नवात जास्तीत जास्त किती प्रेस घ्यायचे हे पहिला फटका मारायच्या आधी ठरवा.

स्किन्सचा स्वभाव याच्या अगदी उलट. प्रत्येक होलची एक स्किन, आणि ती एकट्याने सर्वांत कमी फटके घेणाऱ्याची. दोघांची बरोबरी झाली की स्किन पुढच्या होलवर जमा. सलग तीन होल बरोबरीत सुटले तर चौथ्यावर चार स्किन उभ्या असतात. 1983 साली टीव्हीवर पहिला स्किन्स गेम झाला तेव्हा आर्नोल्ड पामर, जॅक निकलस, गॅरी प्लेअर आणि टॉम वॉटसन हे चौघं खेळले होते, आणि बघणाऱ्याला धरून ठेवणारी गोष्ट हीच साठत जाणारी रक्कम होती.

स्किन्समध्ये सतरा होल काहीही न जमलेला माणूस अठराव्यावर सगळं घेऊन जाऊ शकतो. ज्याला सातत्य नाही पण अधूनमधून झकास फटका जमतो, त्याच्यासाठी हा खेळ आहे. नेमाने पार (होलसाठी ठरवून दिलेले फटके) जमवणाऱ्याला मात्र तो अन्यायाचा वाटतो आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. जोड्या पाडायच्या असतील तर नॅसॉ, प्रत्येक जण आपापला खेळणार असेल तर स्किन्स, इतकं साधं ठेवलं तरी चालेल.

माझा जीव मात्र वुल्फवर आहे. चौघांनी आळीपाळीने लांडगा व्हायचं. लांडगा पहिला टी-शॉट मारतो आणि मग त्या होलपुरता एक भिडू निवडायला बाकीच्यांचे फटके बघत उभा राहतो. पहिल्या गड्याचा चेंडू फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध, जरा आखूड पडलेला. घ्यायचा का हा भिडू? पुढचा खेळाडू टीवर चेंडू ठेवून वाट बघतोय. त्याने फटका मारला की आधीचा हातातून गेला, मागे फिरता येत नाही. तिघांपैकी कुणीच पसंत पडला नाही तर एकटा विरुद्ध तिघं, आणि गुण दुप्पट. सोळा होलांत प्रत्येकाच्या वाट्याला चारदा लांडगेपण येतं; सतरावा आणि अठरावा सगळ्यात मागे असलेल्याला देण्याची पद्धत आहे. शेवटच्या माणसाला शेवटी संधी देणारी ही सोय मला फार आवडते. गुण किती द्यायचे याच्या आवृत्त्या अनेक, त्यामुळे तेवढं आधी बोलून घ्यावं.

वुल्फला लक्ष आणि मन दोन्ही लागतं. नवख्याला पंधरा होल कुणीच भिडू म्हणून निवडलं नाही तर तो मनातून खट्टू होतो. असा गट असेल तर वुल्फऐवजी सिक्सेस खेळा. दर सहा होलांनी जोड्या बदलतात, प्रत्येक जण प्रत्येकाचा भिडू होतो आणि कुणालाही कुणी नाकारत नाही.

व्हेगसबद्दल मी सावधच करीन. जोडीतल्या दोघांचे फटके शेजारी लिहून आकडा बनवायचा, लहान अंक आधी. पार-5 होलवर तुमच्या जोडीने 4 आणि 5 घेतले, समोरच्यांनी 5 आणि 7. तुमचे 45, त्यांचे 57, फरक 12 गुणांचा. पण तुमचा 4 म्हणजे बर्डी (पारपेक्षा एक कमी), आणि बर्डीला समोरचा आकडा उलटवण्याचा नियम धरला असेल तर 57 चे 75 होतात आणि फरक 30 वर जातो. एका होलवर! गुणामागे अगदी क्षुल्लक रक्कम ठेवली तरी फेरीअखेर ती क्षुल्लक राहत नाही. कुणाचे 10 झाले तर तो आकडा आधी लिहायचा, म्हणजे 4 आणि 10 चे 410 न होता 104 होतात. एकदा आमच्यातल्या एकाचा चेंडू दोनदा पाण्यात गेला आणि जोडीदाराचा सुरेख पार त्याच्यासोबत बुडाला. पुढचे चार होल तो कुणाशी बोलला नाही. चौघांची पातळी जवळजवळ सारखी असेल तरच व्हेगस.

पातळीत मोठी तफावत असेल तर बिंगो बँगो बाँगो घ्या. दर होलला तीन गुण: ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) आधी पोचणाऱ्याला एक, सगळे ग्रीनवर आल्यावर होलच्या सर्वांत जवळ असणाऱ्याला एक आणि चेंडू आधी होलमध्ये घालणाऱ्याला एक. खेळायचं मात्र लांबच्याने आधी. त्यामुळे आखूड मारणाऱ्याला ग्रीन गाठण्याची पहिली संधी मिळते, आणि ग्रीन हुकलेला माणूस चिप करून (जवळून हलका फटका मारून) होलजवळ जाऊन बसतो. फटके कितीही होवोत, 54 गुणांतले काही त्याच्या खिशात येतातच. 2019 पासूनचे नियम फटके मोजायच्या खेळात, जो तयार असेल त्याने मारावं, याला प्रोत्साहन देतात. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागते, म्हणून मागे गर्दी असेल त्या दिवशी हा खेळ नको. तेव्हा स्टेबलफर्ड बरा. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर 1932 साली डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत बोगीला (पारपेक्षा एक जास्त) 1, पारला 2, बर्डीला 3 गुण; गुण मिळणार नसेल तर चेंडू उचलायचा आणि पुढे निघायचं.

तिघंच असाल तर नाइन्स: दर होलला नऊ गुण, 5-3-1 असे वाटायचे. पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर 4-4-1, दुसऱ्यासाठी झाली तर 5-2-2. अगदी नवखे सोबत असतील तर स्क्रॅम्बल. सगळ्यांनी मारायचं, चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सर्वांनी तिथूनच.

मुख्य खेळाच्या जोडीला लावायच्या किरकोळ पैजांत ग्रीनी (पार-3 वर एका फटक्यात ग्रीन गाठून होलच्या सर्वांत जवळ) आणि सँडी (वाळूतून निघून पार) निरुपद्रवी आहेत. स्नेकमध्ये ग्रीनवर ज्याला तीनदा पटर (चेंडू होलकडे घरंगळवायची काठी) लावावा लागतो त्याच्या गळ्यात साप पडतो, आणि अठराव्यानंतर तो ज्याच्याकडे उरेल त्याने सगळ्यांना द्यायचं. साप ठेवलात तर दोन फुटांवरचा चेंडूही होलमध्ये घालावाच लागेल, 'उचल रे' म्हणायची सोय नाही.

हँडिकॅपचं (खेळाडूच्या पातळीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचं) गणित सोपं ठेवा: सगळ्यात कमी हँडिकॅपचा माणूस शून्यावर, बाकीच्यांना फरकाइतके फटके. फरक 12 असेल तर कार्डावर अवघडपणाच्या क्रमाने 1 ते 12 असलेल्या होलांवर प्रत्येकी एक. पैजेबाबत आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम करणाऱ्या संस्थांची भूमिका अशी की ओळखीच्या माणसांत, स्वेच्छेने, स्वतःच्याच पैशांनी आणि मुख्यतः मजेसाठी लावलेली पैज हौशी खेळाला बाधक नाही. कायदा मात्र ठिकाणागणिक वेगळा असतो. पैसे नको असतील तर नुसते गुण धरूनही यातला प्रत्येक प्रकार तितकाच रंगतो. आणि पैसे ठेवणारच असाल तर एका माणसाचं जास्तीत जास्त किती जाऊ शकतं तो आकडा पहिल्या टीवरच कार्डाच्या कोपऱ्यात लिहा आणि चौघांनाही दाखवा.