दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्या पक्ष्यांसाठी: अंदमान की लक्षद्वीप?

गणपती उठले की आमच्या ठाण्याच्या पक्षीमित्रांत हा विषय निघतोच. दोन्हीकडे मी एकेकदा जाऊन आलोय, म्हणून लिहितो. स्टिंट, गॉडविट, करल्यू हे चिखलात चरणारे पाहुणे पक्षी आपल्याला खाडीकाठी ऐरोली-भांडुपला दिसतात; त्यांच्यासाठी एवढा खर्च कोणी करणार नाही. आपण जातो ते वाट चुकून आलेल्या किंवा घटकाभर टेकलेल्या पक्ष्यासाठी, असं धरून चालतो.

दिसलेल्या पक्ष्यांची यादी मोठी हवी असेल तर अंदमान, यात वाद नाही. फक्त तिथेच सापडणारे पक्षी आहेतच, शिवाय पूर्वेकडून उतरणारे पॅसिफिक गोल्डन प्लोव्हर, लाँग-टोड स्टिंट. २००४च्या त्सुनामीनंतर सिप्पीघाटची शेतं पाण्याखाली गेली, तिथे आता पाणथळ झालंय. त्या बांधावरची सकाळ मी विसरणार नाही. मुख्य बेटांसाठी परवान्याची धावपळही नाही.

मला अडलं ते जंगलात. चिडिया टापूला पहाटे सव्वापाचला उजाडलं होतं, पाऊस झिमझिमत होता. ईशान्य मोसमी पाऊस तिथे नोव्हेंबरातही पाठ सोडत नाही. पानांआडून एक वटवट्या, पानांत दडणारा चिमुकला पक्षी, निघाला. पिवळसर भुवई, पंखावर एक फिकट पट्टा, बस्स, दोन सेकंद. मग नुसतं हिरवं रान. चाळीस मिनिटं मान वर करून, दुर्बिणीची काच रुमालाने पुसत तिथेच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. संध्याकाळी पाचच्या सुमारास तर अंधारायलाच लागतं. वहीत त्या पक्ष्यापुढे आजही प्रश्नचिन्ह आहे, आणि अशी प्रश्नचिन्हं त्या सहलीत चार. पक्षी येतो, पण त्याच्यामागे इतकं रान आहे की एकदा निसटला की निसटला.

लक्षद्वीपचं अगत्ती बेट जेमतेम ६-७ किलोमीटर लांब, रुंदीला कुठेच फारसं नाही. माड, घरं, दोन्हीकडे पाणी. आलेला पक्षी जाणार कुठे? तिसऱ्या दिवशी दुपारी माडावरून अमूर ससाण्याची मादी उडाली. मी सायकल काढली. अर्ध्या तासात पलीकडच्या किनाऱ्यावर तीच सापडली, झावळीवर बसून चतुर खात होती. केशरी पायात तो धरून आधी एकेक पंख तोडून टाकायची, आणि ते पंख वाऱ्यावर गिरक्या घेत वाळूवर यायचे. ईशान्य भारतातून निघालेले हे ससाणे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात, चतुरही त्याच सुमारास समुद्रावर असतात, हे वाचून माहीत होतं. त्या दुपारी पंधरा-वीस पावलांवरून बघितलं. ओहोटीला लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्यात, क्रॅब प्लोव्हरही असेच निवांत बघता आले.

अडचणी आहेत. प्रवेश परवाना काढावा लागतो, त्यासाठी पोलिसांचा दाखला, म्हणजे आधी महिना-दीड महिना धरा. कोचीहून जाणारं विमान छोटं, सामान मोजकंच. मी ट्रायपॉड घरी ठेवला आणि त्या वाऱ्यात स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) हातात धरून फार चुटपुट लागली. कपडे कमी घ्या, ट्रायपॉड घ्या. माझी यादी अंदमानच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही झाली नाही.

घरची मंडळी सोबत असतील तर अंदमान बरं पडेल, कदाचित. मी तरी पुन्हा अगत्तीच धरलंय. यंदा दाखल्याचा अर्ज गणपती बसायच्या आधीच केला.